जोडीदाराशी वाद तापल्यावर विराम कसा घ्यावा: ताणाच्या संप्रेरकांच्या वेळेनुसार

जोडीदाराशी वाद तापू लागला की शरीरात दोन वेगवेगळ्या गतींनी दोन प्रकारची संप्रेरके (हार्मोन्स) सुटतात. पहिली काही सेकंदांत रक्तात पोहोचतात आणि वाद थांबला तर काही मिनिटांत ओसरतात. दुसरी सावकाश चढतात, साधारण वीस ते तीस मिनिटांनी टोक गाठतात आणि ओसरायला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ घेतात. छातीतली धडधड कमी झाली की आपल्याला वाटते, आता शांत झालो, बोलून टाकू. पण त्या वेळी दुसऱ्या प्रकारचे संप्रेरक अजून चढत असू शकते, आणि मिटल्यासारखा वाटलेला वाद दहा मिनिटांनी अधिक कडवट होऊन परत येतो. हे वेळापत्रक समजून घेऊन कधी थांबावे, थांबलेल्या वेळात काय करावे आणि बोलणे पुन्हा कसे सुरू करावे, हे येथे सांगितले आहे. पैसे, घरकाम, दोन्हीकडचे आईवडील, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर दोन माणसांत मतभेद होणारच आणि ते बोललेही गेलेच पाहिजेत. त्यामुळे वाद टाळण्याचे उपाय येथे दिलेले नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या घरात एकाला दुसऱ्याची भीती वाटते, मारहाण होते, धमक्या दिल्या जातात, पैसे किंवा फोन काढून घेतले जातात, तेथे पुढील एकही सूचना लागू होत नाही. त्या माणसाचे शरीर धोक्याची जी सूचना देत असते ती खरी असते आणि ती शांत करण्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवून मदत मागणे योग्य. भारतात महिलांसाठी १८१ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा पत्नीसह लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो.

शरीरात घडते ते काय

जोडीदाराच्या आवाजातली धार किंवा चेहऱ्यावरचा तिटकारा मेंदूला धोका म्हणून जाणवला की शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा आतला भाग ॲड्रेनलिन रक्तात सोडतो. चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिनही सुटते. नाडी आणि रक्तदाब वाढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये याच प्रतिसादाचे वर्णन 'लढा किंवा पळा' अशा स्वरूपात मांडले होते. रक्तातले ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. मात्र टोमण्याला टोमणा मिळत राहिला तर ग्रंथी ते पुन्हा पुन्हा सोडत राहते, आणि हा टप्पा वाद चालेल तितका लांबतो.

दुसरी साखळी लांब आहे. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते, ते वाहत जाऊन अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या भागाला जागे करते आणि तेथून कॉर्टिसॉल सुटते. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो, तसे वाद थांबल्यानंतरही कॉर्टिसॉल बराच काळ आपले काम करत असते. ते रक्तातली साखर चढी ठेवते. पुरेसे जमले की तेच मेंदूला निर्मिती थांबवण्याचा इशारा देते, मात्र मनात वाद घोळत राहिला तर हा उतार लांबतो.

नातेसंबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा परिणाम मेंदूच्या पुढच्या भागावर होतो. शब्द तोलून वापरणे, दुसऱ्याची बाजू डोक्यात धरून ठेवणे, जिभेवर आलेले वाक्य गिळणे ही कामे हा भाग करतो, आणि नॉरॲड्रेनलिन फार वाढले की त्याची पकड सैल होते. शिवाय भावनांनी भारलेल्या क्षणांच्या आठवणी ही संप्रेरके अधिक पक्क्या करतात, तर वाढलेले कॉर्टिसॉल आधी शिकलेले आठवण्यात अडथळा आणते. भांडणात बोललेला एखादा शब्द वर्षानुवर्षे सलत राहतो आणि त्याच क्षणी जोडीदाराने आपल्यासाठी केलेले काहीही आठवत नाही, यामागे मनाच्या कोतेपणाबरोबर ही रसायनेही असू शकतात. हे कळले की जोडीदाराला 'तुला माझे काहीच दिसत नाही' असे म्हणण्याआधी थोडे थांबता येते.

प्रयोगशाळेत जे दिसले

या विषयावरचे सर्वांत चिकाटीचे काम अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर यांच्या गटाने केले. त्यांनी ९० नवविवाहित जोडप्यांना २४ तास रुग्णालयाच्या संशोधन कक्षात ठेवले, त्यांना त्यांच्याच मतभेदाच्या विषयांवर अर्धा तास बोलायला लावले आणि त्या दरम्यान रक्ताचे नमुने घेतले. ही जोडपी निरोगी होती आणि आपल्या संसारात समाधानी होती. तरीही ज्यांच्या बोलण्यात वैरभाव, टोमणे, दुसऱ्याचे बोलणे तोडणे अधिक होते, त्यांच्या रक्तात ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन आणि एसीटीएच अधिक आढळले. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांचा घटस्फोट झाला होता, त्यांचे त्या पहिल्या वर्षातल्या वादाच्या वेळचे ॲड्रेनलिन टिकलेल्या जोडप्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. संप्रेरकांमुळे संसार मोडला असा याचा अर्थ नव्हे. संसारातल्या समाधानाविषयीच्या प्रश्नावलीत जे उमटत नव्हते ते रक्तात उमटत होते, इतकेच यावरून म्हणता येते.

याच गटाने २००५ मध्ये ४२ विवाहित जोडप्यांच्या हातावर लहान फोडांच्या जखमा करून त्या भरण्याचा वेग मोजला. आधाराच्या संभाषणानंतर जखमा जितक्या लवकर भरल्या, तितक्या वादानंतर भरल्या नाहीत, आणि ज्या जोडप्यांत वैरभाव जास्त होता त्यांच्या जखमा भरण्याचा वेग कमी वैरभाव असलेल्यांच्या ६० टक्केच होता. वाद कसा केला जातो हा प्रश्न शरीराच्या आरोग्याचाही आहे, हे मला या निष्कर्षाने सर्वाधिक पटते.

'पुरुषांचा पारा लवकर चढतो' किंवा 'बायकांचे हार्मोन्सच तसे' अशी वाक्ये घराघरांत सर्रास वापरली जातात. ओहायोच्या अभ्यासात वादाच्या वागणुकीशी पत्नींची संप्रेरके पतींपेक्षा अधिक जोडलेली दिसली, तर मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी पुरुष लवकर उत्तेजित होतात आणि सावकाश शांत होतात असे मत मांडले. तेव्हा आपल्या घरात काय घडते ते आपल्याच दोघांच्या शरीरांकडे पाहून ठरवावे, स्त्री-पुरुषांविषयीच्या सरसकट विधानांवरून नव्हे.

थांबण्याची वेळ कशी ओळखावी

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजावी आणि येणाऱ्या आकड्याला चारने गुणावे. बसलेल्या स्थितीत नाडी मिनिटाला १०० च्या पुढे गेली असेल तर ऐकण्याची क्षमता कमी झाली आहे असे गॉटमन यांच्या कामावरून धरले जाते. मात्र नियमित धावणाऱ्या किंवा पोहणाऱ्या व्यक्तीची विश्रांतीची नाडी मुळातच मंद असते आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी ताणातही फारशी चढत नाही. म्हणून एखाद्या निवांत दिवशी आपली नेहमीची नाडी मोजून ठेवावी आणि तुलना तिच्याशी करावी. भर वादात नाडी मोजणे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी दुसरी चिन्हे लक्षात ठेवावीत: तळहात गार पडणे, जबडा आवळला जाणे, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलले जाणे, जोडीदाराचे वाक्य संपण्याआधीच उत्तर तयार असणे. शेवटचे चिन्ह मी सर्वांत विश्वासार्ह मानतो.

विराम घेण्याची पद्धत

विराम कसा घ्यायचा हे भांडण नसलेल्या दिवशी ठरवावे, कारण तापलेल्या डोक्याने नवा नियम करता येत नाही. दोघांनी मिळून एक साधे वाक्य निवडावे. 'मला आत्ता नीट ऐकता येत नाहीये, मी साडेनऊला परत येतो, मग बोलू' किंवा 'अहो, मला थोडा वेळ द्या, जेवणानंतर मीच हा विषय काढते' अशा वाक्यात तीन गोष्टी असतात: कारण स्वतःच्या शरीराचे आहे, दोष समोरच्याचा नाही, आणि परतीची वेळ ठरलेली आहे. यांपैकी परतीची वेळ कधीही गाळू नये. वेळ न सांगता उठून जाणे हे मागे राहिलेल्या माणसाला सोडून जाण्यासारखेच वाटते. ओहायोच्या नवविवाहितांत असे दिसले की पत्नीच्या तक्रारीवर पती जितका माघार घेत गेला, तितके पत्नीचे नॉरॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल जास्त होते. त्यामुळे एकाला जी शांतता वाटते तिच्यात दुसऱ्याचा ताण चढत असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे दोन-दोन दिवस चालणारा अबोला म्हणूनच विराम ठरत नाही. त्यात घरातल्या मुलांसकट सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहत ताटकळत असतात.

विराम किमान २० मिनिटांचा असावा. ॲड्रेनलिन ओसरायला तेवढा वेळ पुरतो. वाद लांबला असेल किंवा विषय खोल दुखावणारा असेल तर कॉर्टिसॉलचा विचार करून तास-दीड तास घ्यावा. एका दिवसापेक्षा अधिक लांबवू नये.

या वेळात काय केले जाते यावर सगळे अवलंबून आहे. गॉटमन यांनी वादाच्या मध्येच जोडप्यांना थांबवून २० मिनिटे मासिके वाचायला दिली. नंतर बोलणे सुरू झाले तेव्हा त्यांची नाडी उतरलेली होती आणि बोलण्याचा सूर बदललेला होता. मासिकात विशेष काही नव्हते. त्या वेळात वाद डोक्यात फिरला नाही, एवढेच महत्त्वाचे होते. पण आपण सहसा उलट करतो. दुसऱ्या खोलीत जाऊन मनातल्या मनात उत्तरे जुळवतो, आईला किंवा बहिणीला फोन करून घडलेले पुन्हा सांगतो, जोडीदाराला व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर लिहितो. या प्रत्येक कृतीने वाद मेंदूत पुन्हा घडतो आणि विरामाची वेळ वाया जाते. त्याऐवजी भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, झाडांना पाणी घालावे, वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवावे. डोक्यात उत्तर जुळू लागले तर ते 'नंतर' असे म्हणून बाजूला ठेवावे.

श्वासाचा उपयोग खराच होतो, पण तो घाईने केला तर होत नाही. चार सेकंद श्वास आत घ्यावा आणि सहा सेकंद सावकाश बाहेर सोडावा. अशा रीतीने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला मंद करणारी परानुकंपी चेतासंस्था अधिक काम करते. पाच मिनिटे पुरतात. गरगरू लागले तर थांबावे, कारण तसे वाटणे म्हणजे श्वास फार खोल घेतला जात आहे. साध्या गतीने चालणेही चांगले. मात्र रागाच्या भरात दुचाकी किंवा गाडी घेऊन बाहेर पडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. हात थरथरत असताना आणि लक्ष वादात अडकलेले असताना रस्त्यावर जाणे धोक्याचे आहे.

एका खोलीच्या घरात किंवा एकत्र कुटुंबात वेगळे बसायला जागा मिळत नाही, ही अडचण पुस्तकी सल्ल्यांत सहसा धरलेली नसते. गच्ची, जिना, सोसायटीचे आवार, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची फेरी यांपैकी एक जागा आधीच ठरवून ठेवावी. घरातली मोठी माणसे 'काय झाले?' असे विचारतील, तेव्हा 'काही नाही, थोड्या वेळाने आम्ही बोलतोय' एवढेच उत्तर दोघांनीही द्यावे. सासूबाई किंवा वडील यांना न्यायनिवाडा करायला बसवले की दोन माणसांचा वाद चार माणसांचा होतो. तान्हे मूल असेल तर विराम घेणाऱ्याने मूल सोबत घ्यावे की दुसऱ्याकडे ठेवावे हेही आधी ठरलेले असावे, नाहीतर विराम म्हणजे मूल दुसऱ्याच्या गळ्यात टाकून सुटका, असा नवा वाद उभा राहतो.

बोलणे पुन्हा सुरू करताना

ज्याने विराम मागितला त्यानेच ठरलेल्या वेळी विषय काढावा. याबाबत ढिलाई झाली तर पुढच्या वेळी विरामावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिली तीन मिनिटे विशेष जपावीत. सिबिल कारेर आणि गॉटमन यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांच्या १५ मिनिटांच्या वादाचा अभ्यास करून १९९९ मध्ये दाखवले की त्यातल्या केवळ पहिल्या तीन मिनिटांच्या सुरावरून पुढच्या सहा वर्षांत घटस्फोट होणारी जोडपी बरीचशी ओळखता येत होती. आरोपाने सुरुवात झाली की समोरच्याच्या ग्रंथी लगेच कामाला लागतात. 'तू नेहमी तुझ्याच घरच्यांना पैसे देतोस' याऐवजी 'या महिन्याचा हप्ता भरताना मला भीती वाटली, घरी किती पाठवायचे ते आपण आधी ठरवू या' असे म्हणावे. पहिल्या वाक्यात माणसाचा स्वभाव गुन्हेगार ठरतो, दुसऱ्यात एक घटना, एक भावना आणि एक मागणी असते.

बोलण्याआधी लिहिण्याचा एक उपाय मला विशेष आवडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ईलाय फिंकेल यांच्या गटाने १२० जोडप्यांना दोन वर्षे पाहिले. दुसऱ्या वर्षी त्यातल्या निम्म्यांनी दर चार महिन्यांनी सात मिनिटे एक लिखाण केले: दोघांचेही भले चिंतणाऱ्या त्रयस्थ माणसाला हा वाद कसा दिसेल? त्यांच्या वैवाहिक समाधानाची घसरण थांबली, इतरांची चालू राहिली. वर्षाकाठी २१ मिनिटे फार नाहीत. विरामाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, नाडी उतरल्यावर, याच प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून पाहावे. नाडी उतरण्याआधी लिहिले तर त्रयस्थही आपल्याच बाजूने बोलू लागतो.

वाद कोणत्या वेळी करू नये

'भांडण मिटवल्याशिवाय झोपू नये' हा सल्ला मला चुकीचा वाटतो. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. रात्री अकराला पेटलेला वाद ते नेमके तेव्हा वाढवतो जेव्हा ते तळाशी असायला हवे, मग झोप उडते आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी दोघेही अधिक चिडके होतात. रात्री विषय निघालाच तर तो कागदावर एका ओळीत लिहावा, उद्याची वेळ ठरवावी आणि झोपावे.

भुकेच्या वेळीही हेच. रक्तातली साखर उतरली की ती वर आणण्यासाठी शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉलच सोडते, म्हणजे वादाआधीच शरीर अर्धे तयार असते. उपवासाच्या दिवशी संध्याकाळी हिशेबाचा विषय काढू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारी व्यक्ती अचानक चिडली, घामाघूम झाली, थरथरू लागली, तर आधी साखर तपासावी आणि ती कमी असल्यास लगेच गोड द्यावे. कडक चहा-कॉफीनेही ही संप्रेरके वाढतात, तेव्हा वादाच्या मध्यावर चहा टाकण्यापेक्षा पाणी बरे.

स्पर्श आणि ऑक्सिटोसिन

प्रसूतीत गर्भाशय आकुंचन पावण्यास आणि आईला पान्हा फुटण्यास कारण असलेले ऑक्सिटोसिन जोडीदारांतील जवळिकीतही भाग घेते. झुरिक विद्यापीठात बेआटे डिट्झेन यांच्या गटाने ४७ जोडप्यांना वादाआधी नाकातून हे संप्रेरक दिले, तेव्हा त्यांचे बोलणे अधिक सकारात्मक झाले आणि वादानंतरचे कॉर्टिसॉल कमी राहिले. हा अभ्यास २००९ चा. त्यावरून कोणीही इंटरनेटवरचे फवारे विकत घेऊ नयेत. ते डॉक्टरांच्या देखरेखीचे औषध आहे आणि 'प्रेमाचे संप्रेरक' हे त्याचे टोपणनावही पुरेसे खरे नाही, कारण नात्यात दुःखी असलेल्या स्त्रियांच्या रक्तातही ते वाढलेले आढळले आहे. घरी उपयोगी पडेल असा निष्कर्ष त्याच गटाच्या २००७ च्या अभ्यासात आहे: ताणाच्या परीक्षेआधी ज्या स्त्रियांच्या मानेला-खांद्यांना जोडीदाराने मालिश केली, त्यांचे कॉर्टिसॉल आणि नाडी कमी चढली, तर केवळ शब्दांनी धीर दिलेल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. म्हणून अवघड विषयावर बोलायला बसण्याआधी दहा मिनिटे शेजारी बसणे, हात हातात घेणे उपयोगी आहे. भर वादात मात्र विचारल्याशिवाय स्पर्श करू नये. तापलेल्या शरीराला नको असलेला स्पर्श नवा धोका वाटतो.

डॉक्टरांकडे कधी जावे

कधी कधी चिडचिडीचे मूळ नात्यात नसते. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की धडधड, घाम, वजन उतरणे आणि चिडचिड एकत्र दिसतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइड गोळ्यांनी मनःस्थिती बदलते. पाळीआधीचे दिवस, रजोनिवृत्तीच्या आसपासची वर्षे आणि बाळंतपणानंतरचे महिने हे खऱ्या शारीरिक बदलांचे काळ आहेत. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा संताप राहिला तर तपासणी लांबवू नये. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. ही माहिती भांडणात शस्त्र म्हणून वापरणे मात्र अन्यायाचे आहे. 'तुझे हार्मोन्स बिघडलेत, जाऊन तपासून घे' असे ऐकवले गेले की खरी तक्रार ऐकलीच जात नाही आणि तपासणीही होत नाही. शंका असेल तर शांत दिवशी, 'तुला हल्ली झोप नीट लागत नाही, आपण दोघेही एकदा तपासून येऊ' असे म्हणून दोघांनी एकत्र जावे, आणि ज्या तक्रारीवरून वाद झाला होता तिच्यावर बोलण्याची वेळही त्याच दिवशी ठरवून ठेवावी.